धान चावायची नोकरी

लाखनीच्या पुढे, हायवेला लागून असलेल्या एका राइस मिलमध्ये मी समता शिकवायला गेलो होतो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे कोण कोणाला शिकवतं याचा जरा घोळ होणार आहे.

त्या वर्षी आमच्या संस्थेनं कामाच्या ठिकाणची समानता आणि विविधता हा विषय हाती घेतला होता. मिलचा तांदूळ विकत घेणाऱ्या कुठल्याशा मोठ्या कंपनीला असं प्रशिक्षण झाल्याचा फोटो हवा होता, मॅनेजरला ती कंपनी हवी होती आणि मला श्रोते हवे होते. तिघांचंही जमलं. मी चोवीस वर्षांचा होतो आणि कोणताही अन्याय एका पानात, पाठपोट छापून उघडा पाडता येतो अशी माझी खात्री होती. अजूनही बरीचशी आहे.

जेवणाच्या सुटीत शेडखाली सगळ्यांना बसवलं. एका बाजूला पोती उचलणारे हमाल, दुसऱ्या बाजूला झाडणाऱ्या, पाखडणाऱ्या बाया. मागे बॅनर. विषय असा की कामाच्या जागी बायांना बोलूच दिलं जात नाही. त्यावर मी चाळीस मिनिटं बोललो. मग हात पसरून म्हणालो, "आता तुम्ही बोला. कोणाला घाबरू नका!"

पुढच्या रांगेत मांडीवर झाडू घेऊन एक चाळिशीची बाई बसली होती. ती उठली.

"बोलली असती जी भाऊ," ती म्हणाली, "पन सुटी सरली."

हमाल हसले, बाया पदराआड हसल्या, मॅनेजर उघड हसला. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की निम्म्या डब्यांची झाकणं उघडलीच नव्हती.

फोटो मात्र छान आला.

फोटोवर भागवणारा मी नव्हतो. मॅनेजरला मी सांगितलं, मला आठवड्यातून दोनदा येऊन इथलं काम पाहायचं आहे. तो म्हणाला, "या ना. धुळीत बसाची तयारी असन तर या." दिवाळी होऊन गेली होती, धान यायला सुरुवात झाली होती. गेटपासून हायवेपर्यंत ट्रॅक्टरांची रांग लागायची.

मिलमध्ये आलेलं धान वाळलेलं आहे की ओलं, हे ठरवायला एक माणूस असतो. गेटजवळ कडुनिंबाखाली त्याची खुर्ची. पोत्यात टोकदार नळी खुपसून तो मूठभर धान काढतो, तळहातावर चोळून टरफल फुंकून टाकतो आणि दाणा दाढेखाली धरतो. कट्ट करून तुटला तर वाळलेला. दबला, चेपला तर ओला. ओलं धान पोत्यांच्या थप्पीत गरम होऊन काळं पडतं, म्हणून ते शेतकऱ्यानं तिथंच पटांगणात दोन दिवस वाळत घालायचं. ओलावा मोजायचं यंत्र ऑफिसात होतं, नाही असं नाही. पण यंत्र मिलचं, म्हणून ते मिलच्याच बाजूनं बोलणार, असं शेतकऱ्यांचं ठाम मत. दातांवर त्यांचा विश्वास होता. आणि दातांवरून वाद झालाच तर त्याचीही एक रीत होती. चावणारा आपला तळहात पुढे करायचा, शेतकऱ्यानं त्याच मुठीतले दाणे उचलून सगळ्यांसमोर चावायचे. दोघांचे दात एक बोलले की वाद मिटला. नाही बोलले तर आणखी दाणे, आणखी वाद.

ही न्यायव्यवस्था मला भलतीच आवडली. वहीत मी लिहूनसुद्धा ठेवलं, 'लोकशाही!' म्हणून.

खुर्चीतला म्हातारा दाणा चावताना असा चेहरा करायचा की फाशीची शिक्षा सुनावतोय. डोळे मिटून चावत राहायचा. पण चौथ्या-पाचव्या खेपेला मला वेगळंच दिसलं. तो चावता चावता हात खाली सोडायचा आणि मुठीतले उरलेले दाणे खुर्चीमागे ठेवलेल्या सुपात टाकायचा. तिथं ती सुटी सरलेली बाई झाडत असायची. ती वाकून सुपातला दाणा तोंडात टाकायची. मग तिचा झाडू दोनदा झपझप फिरला की म्हातारा डोळे उघडून म्हणायचा, "वाळलं हाय." झाडू थांबला की म्हणायचा, "वलं हाय, पसरवा."

मी म्हाताऱ्याला गाठलं. त्यानं आजूबाजूला पाहिलं आणि जिभेनं वरची कवळी पुढे ढकलून दाखवली.

"याले सारंच कडक लागते, बाबू. भिजवलेला चनाबी कडक लागते. कोनाले सांगजो नोको."

दोन सीझनपासून हे चाललं होतं. मिलचा सगळा भरवसा त्या बाईच्या दाढांवर होता, खुर्चीत म्हातारा होता आणि रजिस्टरात तिच्यापुढे 'झाडणे' असं लिहिलं होतं. माझं डोकं फिरलं. मी तिच्याकडे गेलो आणि म्हणालो, "ताई, हे शोषण आहे!"

"मालूम हाय," ती म्हणाली. "पाय बाजूले घ्या, झाडाचं हाय."

हळूहळू तिनं सांगितलं. धानाची पारख ती आईकडून शिकली. संक्रांत झाली की मिल झाडणाऱ्या बायांना रजा देते, मग ती गावातल्या बायांसोबत गाडीत बसून मिरची तोडायला तेलंगणात जाते, ती थेट उन्हाळ्यात परत. औंदा पोरगी दहावीला होती. गेल्या साली पोरगी नववीत असताना घरी एकटी राहिली, स्वयंपाक करता करता शिकली आणि गणितात अडकता अडकता वाचली. म्हाताऱ्याला या सीझननंतर लेकाकडे जायचं होतं. त्याची खुर्ची बारमाही होती.

"मले ते काम पायजे," ती म्हणाली. "मिरचीची गाडी याच्या आधी. पोरगी परीक्षेले जाईन तवा मी घरी पायजे. बस. पन भाऊ, तुमी बोंबाबोंब नोका करू."

मी शब्द दिला. आणि तडक मॅनेजरच्या केबिनमध्ये गेलो.

मॅनेजर वाईट माणूस नव्हता. प्रत्येक गोष्टीला 'पाहून घेऊ' म्हणायचा, एवढंच. तो म्हणाला, "बाई पोत्याच्या थप्पीवर कशी चढन?" मी बाईला बोलावलं. तिनं पदर खोचला आणि माझं 'सावकाश!' म्हणून होईपर्यंत ती वर होती. वरून म्हणाली, "साहेब, इथं मांजरीनं पिलं घातली जी." मॅनेजरनं मान डोलावली आणि दुसरं कारण काढलं, "बाईले शेतकरी मानत नाही ना, भाऊ. माह्यं काय, मी आजच ठेवतो."

म्हणजे शत्रू सापडला! शेतकऱ्यांची पुरुषी मानसिकता. त्याच रात्री मी पत्रक लिहिलं. मथळा असा होता: 'दात बाईचे की पुरुषाचे? एक सवाल!' खाली सोळा मुद्दे. घटनेपासून सुरुवात करून मी अकराव्या मुद्द्याला दाढेपर्यंत आलो होतो. दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरांच्या रांगेत मी ते स्वतः वाटलं.

रांगेत उभ्या माणसाला वेळ असतो. त्यांनी ते वाचलं, एकमेकांना मोठ्यानं वाचून दाखवलं. एकानं विचारलं, "हे निवडनुकीचं होय का?" दुसऱ्यानं सातवा मुद्दा दोनदा वाचायला लावला. मग गळ्यात मफलर घातलेला एक शेतकरी मला टपरीवर घेऊन गेला, चहा पाजला आणि म्हणाला, "लिवलं चांगलं हाय, भाऊ. पन आमाले काय फरक पडते? बाई असो का मानूस. माह्या घरी बायकोच सांगते धान वाळलं का नाही. मी फक्त पोते बांधतो."

"मग अडचण काय आहे?"

त्यानं माझ्या पत्रकाची चार घड्यांची पुडी करून खिशात ठेवली. आवाज खाली आणला.

"वाद झाला का हातातले दाने घ्या लागते ना. ते बाई त्या मोहल्ल्यातली होय."

तो हे प्रेमानं सांगत होता. आपल्या पोराला एखादी अडचण समजावून सांगावी तसं. माझा चहाचा ग्लास अर्धा झाला होता, तो त्यानं पुन्हा भरायला लावला.

आता इथं सांगायला हवं की मीही त्याच मोहल्ल्यातला. आमचं घर छप्पनपासूनचं बौद्ध. मोहल्ल्याऐवजी आम्ही भंडाऱ्यात कॉलनीत राहतो आणि माझा शर्ट इस्त्रीचा होता, एवढाच फरक. त्याला ते कळलं नव्हतं. आणि मला? मी आठवडेच्या आठवडे त्या खुर्चीसमोर बसलो होतो. म्हातारा दाणे तिच्या हातात कधीच देत नाही, वरून सुपात टाकतो, हे माझ्या डोळ्यांना दिसत होतं. मी वहीत लिहिलं होतं 'लोकशाही!' उद्गारचिन्हासह.

मी तिच्याकडे गेलो तेव्हा ती पाखडत होती.

"ताई, मला कळलं खरं कारण."

"आता कळलं?"

"तुम्हाला माहीत होतं?"

"मले नाही तं कोनाले?"

"मग सांगितलं का नाही!"

"तुमी इचारलं कवा? तुमी तं सांगूनच राहिले होते." तिनं कोंडा उडवला, तो सगळा माझ्या अंगावर आला. "आन् तुमाले आपल्या मानसाले सांगा लागते का असं?"

हे झोंबलं. मी म्हणालो, आमच्या घरी कधी कोणी असं वागलं नाही आमच्याशी, म्हणून लक्षात आलं नसेल.

"तुमचे बाबा कायले होते?"

"तहसील कचेरीत. क्लार्क."

"मंग बराबर हाय. त्याइच्या आन् लोकाइच्या मधात टेबल होता. कागद टेबलावर ठेवाचे, टेबलावरून उचलाचे. माह्या कामात टेबल नाही, भाऊ."

मी परत केबिनमध्ये गेलो. या वेळी नाव घेऊन बोललो, की हे बाईपणामुळे नाही, जातीमुळे आहे, आणि हा गुन्हा आहे. मॅनेजरनं दार लावून घेतलं. घाम पुसला. पेपरवेट फिरवला आणि त्याला एक युक्ती सुचली, ती सुचल्यावर त्याचा चेहरा खरोखर उजळला.

"असं करू. तिले ठेवू. बारमाही ठेवू! तिनं आपला दाना चावाचा. वाद झाला तर शेतकऱ्यासाठी पोत्यातून वेगळं धान काढून स्टीलच्या ताटलीत ठेवू. तो ताटलीतून घेईन. हातातून घ्याची गरजच नाही. झालं ना?"

तुम्हीच सांगा, हे ऐकून कोण गप्प बसेल? मी उभा राहिलो. त्या ताटलीवर मी जे बोललो ते माझं आजवरचं सर्वांत चांगलं भाषण होतं. ताटली म्हणजे आपल्या आज्यापणज्यांच्या ओंजळीत वरून ओतलेलं पाणी, असं मी म्हणालो. ती ताटली आम्हाला मान्य नाही, कधीच मान्य होणार नाही, असंही म्हणालो. टेबलावर मूठ आपटली.

"नसन मान्य तर राहू द्या," मॅनेजर म्हणाला. त्याच्या छातीवरचा दगड उतरला होता. "मी तर द्याले तयार होतो. तुमीच नाही म्हनता."

बाहेर येऊन मी तिला हे सगळं सांगितलं, भाषणासकट. वाटलं, तिचे डोळे भरून येतील.

तिनं झाडू भिंतीला टेकवला.

"भाऊ, नोकरी कोनाची होती?"

"तुमची."

"मंग नाही कोन म्हनलं?"

मी तत्त्वाचं काहीतरी बोलायला लागलो.

"तत्त्व मलेबी हाय," ती म्हणाली. "मी घेतली असती ती ताटली. दोन दिवस ठेवली असती, तिसऱ्या दिवशी माह्या हातून हरवली असती. ताटली हरवाले काय लागते? पन आता? चार मिनटात घालवली तुमी नोकरी. माह्या पोरीचं गनित घेता का तुमी? मी मिरची तोडाले गेल्यावर?"

गणित मला येत नाही.

दुसऱ्या दिवसापासून तिनं एक केलं. ती झाडायला लागली. म्हणजे खरोखर झाडायला लागली. म्हातारा सुपात दाणे टाकायचा, ते सुपातच राहायचे. झाडू एका चालीत सरळ फिरायचा, ना थांबायचा ना झपझप व्हायचा. म्हातारा डोळे मिटून वाट पाहायचा. शेवटी बिचारा अंदाजानं बोलायचा, आणि त्याच्या कवळीला तर सगळंच कडक लागत होतं. त्या दिवसांत शेतकरी फार खूश होते. आलेलं सगळं धान वाळलेलं निघत होतं.

आठवडा व्हायच्या आत थप्पीतून वाफ यायला लागली. हात घालवेना. मॅनेजरनं म्हाताऱ्याला विचारलं आणि म्हाताऱ्यानं, देव त्याचं भलं करो, कवळी काढून टेबलावरच ठेवली आणि बोळक्या तोंडानं सगळं कबूल केलं.

तिला केबिनमध्ये बोलावणं आलं. मी सोबत निघालो तर ती म्हणाली, "तुमी इथंच थांबा जी." मी दाराबाहेर बाकावर बसलो. आत काय झालं ते मला तिनंच बाहेर येऊन सांगितलं.

"बारमाही ठेवलं. उद्यापासून खुर्ची माही. ताटली नाही."

"ताटली नाही? कसं काय मानलं?"

"मी म्हनलं, साहेब, थप्पीले हात लावून पाहा. गरम लागते का नाही? तिथं हात लावाले मधात ताटली ठेवता का? हासले ते." मग ती म्हणाली, "आन् सीझन सरेपर्यंत पत्रकवाले भाऊ गेटच्या आत याचे नाही."

"ही अट मॅनेजरनं घातली ना?"

"दोघाइनं."

तर मी गेटसमोरच्या टपरीवर बसू लागलो. तिथून खुर्ची स्वच्छ दिसायची, आवाजही यायचा. मला कोणी तिथून उठवू शकत नव्हतं, टपरी सार्वजनिक होती.

पहिल्याच दिवशी वाद झाला. एका शेतकऱ्याचं धान तिनं चावलं आणि म्हणाली, "वलं हाय." तो म्हणाला, "मी नाही मानत." तिनं रीतीप्रमाणे तळहात पुढे केला. त्यानं त्या हाताकडे पाहिलं, कडुनिंबाकडे पाहिलं, मागे हॉर्न वाजवणाऱ्या ट्रॅक्टरकडे पाहिलं.

"राहू द्या," तो म्हणाला. "वलंच असन."

आणि दोन दिवस पटांगणात धान पसरून, मच्छर मारत बसून राहिला. त्या हातातले दोन दाणे खाण्यापेक्षा त्याला ते परवडलं.

मग हेच होत गेलं. वाद व्हायचा, हात पुढे यायचा, वाद संपायचा. शेतकरी मुकाट्यानं धान पसरायचे. मॅनेजर टपरीवर येऊन मला सांगून गेला, "काय बाई हाय, भाऊ! म्हाताऱ्याच्या टायमाले दिवसभर कचकच राहे. आता कोनी तोंडच उघडत नाही." त्याला खरंच काही दिसत नव्हतं. मला दिसत होतं आणि मी आतल्या आत जळत होतो. माणसं तिला इतकं मानत होती की तिच्याशी भांडत नव्हती! यावर पत्रक कसं लिहायचं?

सुटीत ती टपरीवर आली तेव्हा मी विचारलं, "तुम्हाला काही वाटत नाही याचं?"

"वाटते ना," ती म्हणाली. "काल एकाचं धान वाळलेलं होतं. मी वलं म्हनलं. माहाच अंदाज चुकला, दुसरा दाना चावला तवा समजलं. त्यानं हात पाहून आधीच पोते उतरवले होते. मी म्हनलं, घेऊन या, वाळलं हाय. तं म्हने राहू द्या." तिनं चहा फुंकला. "माही चूक बी कोनी काढत नाही. असं कसं काम कराचं, भाऊ?"

संक्रांत झाली. गावातून मिरचीची गाडी गेली, तिच्यात ती नव्हती. पोरीला गणिताची शिकवणी लावली, असं तिनं मला गेटच्या जाळीतून सांगितलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी एकोडीकडून एक म्हातारी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, पोत्यांवर बसून आली. नऊवारी, कपाळावर भलं मोठं कुंकू. लेक ट्रॅक्टर चालवत होता, पण धान तिचं होतं हे ती उतरायच्या आधीच सगळ्यांना कळलं.

खुर्चीतल्या बाईनं दाणा चावला. "वलं हाय, माय."

"वलं? कोन म्हनते?"

"मी म्हनतो. दबते दाना."

"तुहे दातच दबत असन!" म्हातारी ट्रॉलीवरून उतरून तिच्यापुढे जाऊन उभी राहिली. "आठ दिवस आंगनात वाळवलं मी. बसून राखलं. आन इकडं."

तळहात पुढे झाला. लेक घाईघाईनं म्हणाला, "माय, राहू दे ना," आणि तिच्या कानाशी जाऊन काहीतरी पुटपुटला.

"अस्सं? मंग?" म्हातारी त्याच्यावर वसकली. "धान कोनाचं होय? माहं ना? बाजूले हो."

तिला समतेशी काही देणंघेणं नव्हतं, हे मी स्वच्छ सांगतो. माझं पत्रक तिनं वाचलेलं नव्हतं. तिला धान वाळवत दोन दिवस लाखनीत बसायचं नव्हतं, बस. तिनं त्या तळहातावरचे चार दाणे एकदम उचलले आणि तोंडात टाकले. तिचे पुढचे दात नव्हते. मागच्या दाढांनी ती चावत राहिली, चावत राहिली.

"कट्ट वाजलं!" ती म्हणाली.

"कुठं वाजलं? मले नाही आयकू आलं."

"तुहे कान वले असन मंग!"

"माय, एकच दाना चावा. चार चावले तं वाजनच."

"मले शिकवते का तू? तू कालची पोरगी!"

बाई खुर्चीतून उठली. तिनं नळी खुपसून पोत्यातून नवी मूठ काढली, चोळली, फुंकली. दोघी समोरासमोर उभ्या. मागे सात-आठ ट्रॅक्टर, हॉर्नचा नुसता गोंधळ. मॅनेजर केबिनमधून धावत बाहेर आला आणि हात वर करून म्हणाला, "अरे काय झालं? काय झालं?"

"तुमी थांबा साहेब," बाई त्याच्याकडे न पाहताच म्हणाली. तिचा आवाज इतका चढलेला मी कधी ऐकला नव्हता आणि चेहऱ्यावरचं हसू तिला काही केल्या आवरत नव्हतं. "घे माय, हा घे. आता चाव."

"तू बी चाव."

"चावतो ना. घे, दोघी संगच चावू."